वाहून गेलेले मासे



पावसाळ्यात सावित्री नदी फुगते. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेले तिचे पाणी पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. पूर आला की मासे पाण्याबरोबर भातखाचरांत शिरतात. पूर ओसरल्यावर त्यांतले सगळेच नदीत परतत नाहीत. काही बांधाच्या आत अडकतात. पाणी आटले की ते तडफडून मरतात, नाहीतर बगळे त्यांना टिपतात. हे तुम्ही पाहिलेच असेल.

समुद्रातही असेच घडते. फक्त तेथील अंतरे फार मोठी असतात. सागरी प्रवाहांविषयी तुम्ही भूगोलात वाचले आहे. उष्ण समुद्रातील प्रवाळांजवळ राहणाऱ्या अनेक माशांची इवलीशी पिल्ले काही आठवडे पाण्यावर तरंगत असतात. त्यांना नीट पोहता येत नाही. प्रवाह नेईल तिकडे ती जातात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने वाहणारा प्रवाह त्यांना एक हजार किलोमीटरहून अधिक दूर, सिडनीपर्यंत पोचवतो. अटलांटिक महासागरातील गल्फ प्रवाह फुलपाखरासारखे रंगीत मासे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडपर्यंत नेतो.

उन्हाळाभर हे पाहुणे तेथे मजेत वाढतात. मग हिवाळा येतो. माशांचे रक्त आपल्यासारखे सदा उबदार नसते; पाणी थंड झाले की त्यांचे शरीरही थंड होते. भूक मंदावते, पोहण्याचा वेग कमी होतो, शत्रूपासून पळणे जमत नाही. अखेर बहुतेक मासे मरतात. आपल्या गावचे कितीतरी चाचा आणि मामू नोकरीसाठी आखाती देशांत जातात, पण ते सुट्टीत घरी येतात. या माशांना परतीची वाट नसते. जपानमध्ये क्युरोशिओ प्रवाहाबरोबर येणाऱ्या अशा माशांच्या प्रवासाला ‘मृत्यूचा प्रवास’ अशा अर्थाचे नाव आहे.

आता मात्र समुद्र तापत आहे. हिवाळ्यातही पाणी पूर्वीइतके थंड होत नाही, त्यामुळे काही ठिकाणी हे मासे जगू लागले आहेत. तुम्ही म्हणाल, “सर, मग चांगलेच झाले! बिचारे वाचले.” मला तसे वाटत नाही.

पाहुणा राहिला, तर घरच्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे पाणी फार तापले. सुमारे शंभर किलोमीटर किनाऱ्यावरची उंच समुद्री शेवाळांची वने नष्ट झाली. उष्ण पाण्यातले शेवाळ खाणारे मासे तेथे वाढले. नवे कोंब फुटले की ते खाऊन टाकीत. म्हणून ती वने पुन्हा उभी राहिली नाहीत. त्या वनांत राहणाऱ्या जिवांचा आसराच गेला. यात दोष माशांचा नाही. त्यांना प्रवाहाने आणले आणि उष्णतेने ठेवून घेतले. ती उष्णता मुख्यतः माणसाने जाळलेल्या कोळशाची आणि तेलाची आहे.

हे दूरदेशीचेच आहे असे समजू नका. तारली मासा पूर्वी मुख्यतः केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर मिळत असे. १९८० च्या दशकानंतर तो उत्तरेकडे आपल्या बाजूला आणि पूर्व किनाऱ्यावरही अधिक मिळू लागला. तारली वाहून येत नाही, पोहत येते. पण समुद्राचे तापणे हे त्याचे एक कारण आहे, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सांगतात. एखादा मासा नव्याने मिळू लागला, तर आपल्याला आनंद होतो. पण त्याच वेळी कोणता मासा मिळेनासा झाला, हे कोण विचारतो?

ते तुम्ही विचारा. बाजारात मासे विकणाऱ्या मावशींना, खाडीत जाळे टाकणाऱ्या चाचांना आणि घरी दादी-नानीला विचारा: पूर्वी कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळे? आता कोणता मिळतो? उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. माशाचे नाव घरी जसे म्हणता तसेच लिहा. अशा नोंदी दहा वर्षे टिकल्या, तर आपल्या खाडीत काय बदलले हे सांगण्यासाठी कोणावर अवलंबून राहावे लागणार नाही.