पाणी टेलपर्यंत पोचले पाहिजे



या पानावर लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा आणि खोडव्याची निगा यांवर लिहिण्याची आपली रीत आहे. या अंकात मात्र मी मुंबईतल्या मानखुर्दविषयी आणि शहरे वाढवण्यावर खर्च होणाऱ्या पैशाविषयी लिहीत आहे. "उसाचं सोडून हे काय काढलं?" असे कोणी विचारील. त्याला उत्तर सरळ आहे. आपल्या कार्यक्षेत्रात असे गाव नाही की ज्यातली पाच-पंचवीस घरे मुंबईशी बांधलेली नाहीत. कोणाचा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी आहे, कोणाचा पुतण्या बेस्टमध्ये आहे, कोणाचे वडील १९८२ च्या गिरणी संपानंतर वळकटी घेऊन गावी परतले. एकरी टनेज कसे वाढवावे ते आम्ही सांगतो, आणि तुम्ही ते वाढवताही. पण तीन भावांत वाटणी होऊन वाट्याला एकर-दीड एकर राहिले की एकजण मुंबई-पुण्याची वाट धरतोच. तो तिथे कुठे राहतो, कसा राहतो आणि मुळात त्याला इतक्या लांब जावे का लागते, हा प्रश्न आपल्याच बांधावरचा आहे.

पाटाच्या पाण्याचा न्याय आपल्याला नव्याने सांगायला नको. तोंडाकडचा शेतकरी दार उघडे टाकून झोपला की टेलकडचा ऊस वाळतो, हे तर सर्वांना दिसते. पण तोंडाकडचेही भले होत नाही, हे उशिरा कळते. जास्तीच्या पाण्याने त्याची जमीन पाणथळ होते, मीठ वर येते, आणि दहा-पंधरा वर्षांत त्या क्षारपड रानात उसाचे डोळे फुटेनासे होतात. म्हणजे एकाचे कोरडे गेले, दुसऱ्याचे कुजले आणि दोघांचेही टनेज घटले. शहरांच्या विकासाच्या पैशाचे महाराष्ट्रात हेच झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे नाव कोणत्याही ऊस उत्पादकाला परके नाही. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. याच गाडगिळांनी मुंबईच्या वाढीचाही विचार करून ठेवला होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. सन १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती करावी, असे सुचवले होते. पुढे सन १९६५ मध्ये गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली मुंबई आणि पुणे परिसराच्या प्रादेशिक नियोजनासाठी समिती बसली. तिचे म्हणणे असे की, उद्योगधंदे एकट्या मुंबईत कोंबू नयेत, प्रदेशभर पसरावेत. आणि खाडीपलीकडेसुद्धा एकच अवाढव्य शहर न करता, प्रत्येकी अडीच लाखांहून कमी वस्तीच्या अनेक वसाहती कराव्यात. ज्या माणसाने खेड्यात कारखाना काढून खेडे सावरण्याचा मार्ग दाखवला, त्यानेच महानगराला हा सल्ला दिला. दोन्हीमागचा विचार एकच होता.

त्या विचारातून १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. सरकारने सुरुवातीला थोडे भांडवल घातले. बाकीचा पैसा जमीन संपादन करायची, तिथे रस्ते, पाणी, गटारे करायची, आणि वाढलेल्या भावाने भूखंड देऊन उभा करायचा, अशी योजना होती. १९७३ साली मानखुर्द आणि वाशी यांच्यामधल्या खाडीवर पूल झाला. आता शहर भराभर वसेल, असे वाटले. पण माणूस कामावर जाणार कसा? हार्बर मार्गाची लोकल मानखुर्दला येऊन थांबायची. पुढे खाडी, आणि बसची रांग.

रेल्वे खाडीपलीकडे गेली ती मे १९९२ मध्ये. ती कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. एकट्या रेल्वे खात्याच्या पैशावर ते काम झाले नाही. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोचा पैसा आला कुठून? त्याच प्रदेशातल्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून. म्हणजे प्रदेशात निर्माण झालेले मूल्य प्रदेशाच्याच कामी लागले. गाडी वाशीला पोचली, दुसऱ्या वर्षी नेरूळ-बेलापूरला गेली, १९९८ पर्यंत पनवेल गाठले, आणि मग ते शहर खरे फुटव्यावर आले. कांदा-बटाटा, फळे, भाजी, धान्य, मसाला असे घाऊक बाजारही एकेक करून खाडीपलीकडे आले. आपल्या साखरेचा मुंबईतला भाव आज वाशीच्या बाजारात निघतो. घाटावरून गेलेल्या ट्रकला आता मानखुर्द ओलांडून मशीद बंदराच्या गल्लीबोळांत शिरावे लागत नाही. प्रादेशिक विकासाचा पैसा योग्य ठिकाणी पडला की काय होते, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला आहे.

पण याच दाखल्यात तीन धडेही आहेत.

पहिला धडा वेळेचा. १९७० ला लागण आणि १९९२ ला पाणी! बावीस वर्षे. त्या मधल्या काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहतच होत्या. सचिवालय खाडीपलीकडे हलवावे अशी नव्या शहराच्या योजनाकारांची मागणी होती. ते हलले नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ५९ लाख ७० हजार होती, २०११ साली ती १ कोटी २४ लाखांवर गेली. त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या होती सुमारे ११ लाख २० हजार. नवे शहर झाले खरे, पण जुन्याचा भार म्हणावा तसा उतरला नाही.

दुसरा धडा ज्याची जमीन गेली त्याच्या वाट्याचा. जमिनीचे मूल्य वाढले ते आगरी-कोळी बांधवांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. त्यांना सुरुवातीला मिळाला तो कवडीमोल मोबदला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणाला मुकले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जो वाटा पहिल्या दिवशी कागदावर हवा होता, तो रक्त सांडल्यावर मिळाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याने हे विसरू नये.

तिसरा धडा खुद्द मानखुर्दचा. पूल मानखुर्दवरून गेला, रूळ मानखुर्दवरून गेले, पण पैसा मानखुर्दला थांबला नाही. शेजारच्या देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा येऊन पडत आला. पुढे शहर वाहतुकीच्या मोठ्या प्रकल्पासाठी रेल्वे रुळांकडेच्या आणि रस्त्याकडेच्या झोपड्या उठवल्या, तेव्हा हजारो कुटुंबे इथल्या लल्लुभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत आणून ठेवली. पक्के घर मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण काम लांब, शाळा-दवाखाना अपुरा, इमारती एकमेकींना खेटून. पुनर्वसनाबद्दल तक्रारी इतक्या झाल्या की जागतिक बँकेने मार्च २००६ मध्ये रस्ते व पुनर्वसनाच्या कामाचे पैसे काही महिने रोखून धरले होते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द-गोवंडीचा एम-पूर्व विभाग शहराच्या २४ विभागांत सर्वांत शेवटी होता. बांद्रा-कुर्ला संकुल तिथून फार लांब नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या तिजोरीचा मोठा आधार म्हणजे त्या संकुलातल्या जमिनीचे भाडेपट्टे. एकाच पाटाचे तोंड आणि टेल इतके जवळ असून, टेलला पाणी पोचले नाही.

आता कोणी म्हणेल, मुंबईचा पैसा मुंबईवरच खर्च व्हावा, तालुक्याच्या गावांनी त्याच्याकडे का बघावे? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जो कमावतो त्याला आधी मिळावे. पण मुंबईतली जमीन सोन्याच्या भावाची झाली ती मुंबईतल्या मातीमुळे नव्हे. सबंध राज्याचा माल, माणूस आणि कारभार तिथे एकवटला, म्हणून झाली. धरण भरते ते सगळ्या पाणलोटाच्या पावसाने, एकट्या भिंतीजवळच्या नव्हे. शिवाय मानखुर्दही मुंबईतच आहे. मुंबईचा पैसा मुंबईवर, हा नियम तरी तिथे कुठे पाळला गेला?

आणि आपल्याकडची छोटी शहरे बघा. केंद्र सरकारने १९७९-८० साली लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना काढली. बाजार, बसस्थानक, रस्ते अशी कामे तीतून व्हायची. कल्पना उत्तम, रक्कम तुटपुंजी. २००५ साली नेहरू अभियान आले, तेव्हा महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, नांदेड ही शहरे मुख्य यादीत बसली आणि लहान गावांची जुनी योजना एका पोटयोजनेत विरघळली. समतोलासाठी १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली. आपण 'उर्वरित' मध्ये, आणि मुंबईही त्यातच! मुंबईसकट सरासरी काढली की आपला दुष्काळी तालुकासुद्धा कागदावर सुखी दिसायचा. त्या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

दुसरीकडे काय करतात तेही पाहावे. युरोपात १९७५ साली प्रादेशिक विकास निधी सुरू झाला. आपले मुंबई प्रदेश प्राधिकरणही त्याच सालचे. २०२१ ते २०२७ या काळासाठी त्या निधीचा नियम असा आहे की, प्रत्येक देशाने आपल्या वाट्यातली किमान ८ टक्के रक्कम शहरांच्या शाश्वत विकासासाठी बाजूला काढावी, आणि कामांच्या निवडीत तिथल्या स्थानिक संस्थांचा हात असावा. लक्षात घ्या, टक्का आधी ठरलेला आहे. उरले तर देऊ, असे नाही.

आपल्यालाही हे नवीन नाही. उसाच्या बिलातून टनामागे कपात करून कित्येक कारखान्यांनी शाळा, कॉलेजे, दवाखाने, उपसा सिंचन योजना उभ्या केल्या. तो आपला प्रादेशिक विकास निधीच होता. किती कापले आणि कुठे घातले, हे वार्षिक अहवालात छापून सभेपुढे ठेवावे लागते. सभासद उठून विचारतो, "आमच्या गटात काय केलं?" हा प्रश्न विचारण्याची सोय मानखुर्दच्या माणसाला नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावालाही मुंबईत नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत आणखी एक नवनगर उभारण्यासाठी शासनाने महानगर प्राधिकरणाला नेमले. म्हणजे पुन्हा जमीन, पुन्हा वाढीव मूल्य, पुन्हा मोठा पैसा. पाट नव्याने खोदला जातो आहे. दारे कुठे बसवायची हे खोदतानाच ठरते. पाणी सुटल्यावर भांडून उपयोग नाही.

तेव्हा चार गोष्टी धरून बसाव्यात असे मला वाटते. पहिली, नव्या शहरातल्या जमिनीच्या उत्पन्नाचा ठरलेला टक्का आधीच बाजूला काढावा. त्यातला काही मानखुर्दसारख्या मागे राहिलेल्या विभागांना आणि काही राज्यातल्या तालुका शहरांना जावा. दुसरी, पाणी, गटार आणि गाडी आधी, भूखंडांची विक्री नंतर. तिसरी, ज्याची जमीन जाईल त्याचा विकसित जमिनीतला वाटा पहिल्या नोटिशीतच लिहिलेला असावा. चौथी, तालुका शहरांना मिळणारा पैसा फिरत्या निधीसारखा असावा. सोसायटीच्या कर्जाप्रमाणे एका गावाने फेडले की दुसऱ्याला मिळावे. १९९३-९४ पासूनच्या मेगासिटी योजनेतून मुंबई प्रदेशातल्या नगरपालिकांना अशी कर्जे मिळाली होती. तीच सोय आपल्या नगरपालिकांना का नसावी?

तालुक्याला चांगले पाणी, चालू गटार, दोन पाळ्यांचा दवाखाना आणि पाचशे पोरांना काम देणारी वसाहत झाली, तर मुंबईला जाणारी प्रत्येक एसटी रिकामी जाईल असे मी म्हणत नाही. जायचे त्याने जरूर जावे. पण जाणारा नाइलाजाने जाऊ नये, आणि गेलेला कचऱ्याच्या डोंगराशेजारी अडकून पडू नये, एवढे तरी आपण मागू शकतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या चार मागण्यांचा ठराव सभासदांनी मांडावा, संचालक मंडळाने तो शासनाकडे पाठवावा, आणि शेजारच्या कारखान्यांनाही तसे कळवावे, अशी नम्र सूचना आहे. ठरावाचा मसुदा गट कार्यालयात वाचायला ठेवायची माझी तयारी आहे. सभासदांनी तो वाचून आपल्या दुरुस्त्या सुचवाव्यात.

आपला,
ऊस विकास अधिकारी