सून येणार, सून येणार!

मित्रहो, शीर्षक वाचून गैरसमज नको. माझं लग्न वगैरे काही ठरलेलं नाही. ही सून इंग्रजीतली आहे.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत वैरागला घरी होतो. स्कॉलरशिपचं काय झालं म्हणून एका ऑफिसला मेल केला होता, त्याचं एका ओळीचं उत्तर आण्णांना वाचून दाखवत होतो. पैसे खात्यावर 'सून' जमा होतील. आज्जी ज्वारी निवडत बसली होती. ती म्हणाली, "सून? कुणाची रं?" सगळे हसले. आण्णा तेवढे हसले नाहीत. माझी फी भरायला त्यांनी बार्शीच्या आडत्याकडून येणाऱ्या तुरीवर उचल घेतली होती. आडत्याच्या वहीत 'सून' नसते, तारीख असते.

कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी उघडली (हो, इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा उघडतात!) आणि उडालोच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'सोना' असा होता आणि अर्थ होता ताबडतोब. 'लवकरच' नाही, 'बघू' नाही, या क्षणी! मग घसरला कसा? माणसं 'ताबडतोब' म्हणत राहिली आणि उशिरा येत राहिली, दुसरं काय. बरं, हा एकटाच नाही. 'अनॉन' म्हणजे मुळात एका दमात, लगेच. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात खानावळीतला पोऱ्या हाच शब्द ओरडत राहतो आणि गिऱ्हाईक ताटकळत राहतं. 'प्रेझेंटली' आणि 'बाय अँड बाय' यांचंही तेच झालं. दोघांचाही जुना अर्थ लगेच, पुढे झाला थोड्या वेळाने.

साहेबाला हसायचं कारण नाही. हिंदीतला 'तुरंत' आणि आपला 'तूर्त' एकाच कुळातले, त्वरेच्या. हिंदीवाला तुरंत पळतो, आपण मात्र तूर्त थांबतो! 'एवढ्यात' तर दुधारी आहे. 'एवढ्यात येईल' म्हणजे आलाच, आणि 'एवढ्यात नको' म्हणजे विषय सोड. आणि 'आलोच'? भविष्यातल्या कामाला आपण चक्क भूतकाळ लावतो. वैरागच्या स्टँडवर उभं राहून चुलतभावाला फोन केला की तो "निघालोच" म्हणतो आणि मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो.

पण मला विचाराल तर ही 'निघालोच' मला चालते. आज तो मला ताटकळत ठेवतो, उद्या मी त्याला ठेवणार, फिट्टंफाट. ऑफिसच्या 'सून'चं तसं नाही. तिथे थांबायचं कायम एकाच बाजूने. फॉर्म भरायला मला एक दिवस उशीर झाला असता तर मी 'सून भरतो' म्हटलेलं चाललं असतं का? शेवटची तारीख आम्हाला आणि क्रियाविशेषण त्यांना, ही वाटणी मला मान्य नाही. माझं मागणं एवढंच आहे की ज्या कागदावर आमच्यासाठी तारीख छापता, त्याच कागदावर स्वतःसाठीही एक छापा. चुकली तर चुकली, निदान चुकली हे दिसेल तरी. 'सून' कधी चुकतच नाही, हीच तर तिची सोय आहे.

आपल्या सिलॅबसमध्ये हे आहेच. रिअल टाइम सिस्टिममध्ये बरोबर उत्तर डेडलाइननंतर आलं तर ते चूकच धरतात. गाडीची एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडावी लागते. 'सून' उघडणारी एअरबॅग कोण बसवून घेईल? (आपल्या संपादक मंडळाच्या नोटिशीतही 'अंक लवकरच' असंच होतं. हे वाक्य छापून आलं तर मंडळ मोठ्या मनाचं.)

मी त्या ऑफिसला दुसरा मेल टाकला. फक्त तारीख विचारली. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'शॉर्टली'.

जानेवारीत तूर निघाली आणि ठरल्या तारखेला आडतीवर गेली, त्या दिवशी जो भाव होता त्या भावाने. भाव चढेपर्यंत थांबायचं आण्णांच्या मनात होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत. आज्जी मात्र दर रविवारी फोनवर विचारते, "आली का रं तुझी सून?"