किलोने घ्यायचं, फुटाने विकायचं

अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बनवणारा फॅब्रिकेटर सेक्शन किलोने घेतो आणि खिडकी आपल्याला स्क्वेअर फुटाने विकतो. या धंद्यातली बहुतेक लबाडी या दोन मापांच्या मधल्या फटीत राहते, आणि ती फट आपणच हौसेने उघडी ठेवतो. सोनाराने पाटली वजनावर न विकता मनगटाच्या घेरावर विकली, तर आपण त्याचं दुकान डोक्यावर घेऊ. घराच्या खिडकीच्या बाबतीत मात्र आपला पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न एकच: "स्क्वेअर फुटाला काय भाव?"

हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस निर्धास्त होतो. त्याला आता एक आकडा सांगायचा आहे, आणि तो शेजारच्या दुकानापेक्षा वीस रुपयांनी कमी असला की काम त्याचं. ते वीस रुपये त्याने कुठून आणले, हे कोणी विचारत नाही. त्याच्या खिशातून तर नक्कीच येत नाहीत. ते सेक्शनच्या जाडीतून येतात. दीड मिलिमीटरची भिंत एक मिलिमीटरवर आणली की तेवढ्याच खिडकीतला जवळपास एक तृतीयांश धातू वाचतो. रुंदी तीच, उंची तीच, वरचं पावडर कोटिंगही तेच. फरक कळतो तो पुढे, शटर ओढताना उभा पट्टा बोटांखाली वाकायला लागतो तेव्हा. तोवर भांडायला कागद उरलेला नसतो. "बिल पाहिजे असेल तर जीएसटी लागेल हां," असं त्याने म्हटल्याबरोबर आपण मान डोलावलेली असते. कर वाचवल्याच्या आनंदात पुरावा सोडून देणारं गिऱ्हाईक भेटल्यावर तो तरी प्रामाणिक कशाला राहील?

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. कोणी घराचं काम काढलं की कोटेशन घेऊन माझ्याकडे येतो. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो: 'डोमल थ्री ट्रॅक, काच व जाळीसह, फिटिंग धरून, हेवी क्वालिटी.' काच चार मिलिमीटरची की पाच, साधी की टफन, बेअरिंग कसलं, लॉक कोणतं, सिलिकॉन कुणाचं, यातलं एक अक्षर नाही. मग मी फोन लावतो.

"सेक्शनची जाडी किती धरलीय?"

"हेवी आहे काका."

"हेवी म्हणजे किती मिलिमीटर?"

"एकदम हेवी. डोळे झाकून घ्या."

इतका प्रांजळ विक्रेता दुसऱ्या धंद्यात सापडायचा नाही. त्याची सगळी मिळकत आपल्या झाकलेल्या डोळ्यांवरच चालते, आणि ते तो तोंडावर सांगतो.

युपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, खिडक्या विकणारे याच्या पुढचे. त्यांच्या बॅगेत कापलेला नमुना असतो. आतले कप्पे दिसतात, कप्प्यात गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी चमकते, आणि 'जर्मन टेक्नॉलॉजी' हे शब्द दर दुसऱ्या वाक्याला येतात. घरी येते ती चारही कोपरे वेल्ड करून बंद केलेली चौकट. आत स्टील आहे की हवा, बाहेरून कळायची सोय नाही. मोठ्या शटरमध्ये ते स्टील नसेल तर प्लास्टिक उन्हात वाकतं आणि खिडकी अडते. प्लास्टिकच्या पावडरीत टिटॅनियम डायऑक्साइडची काटकसर केली असेल, तर पांढरी खिडकी काही वर्षांत पिवळट पडते. चांगलं जोरकस लोहचुंबक फ्रेमवरून फिरवलं तर स्टीलचा पत्ता लागतो. पण लाखभर रुपयांच्या ऑर्डरआधी खिशात चुंबक घेऊन जाणारा माणूस आपल्याकडे संशयी ठरतो, आणि न जाणारा मोकळ्या मनाचा.

आता सरकत्या खिडकीकडे या. नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो की उष्ण-दमट हवेत उजेड-वाऱ्यासाठीची उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवी, आणि खिडकीचा काही भाग पक्का बसवलेला असेल तर उघडणारा भागच मोजावा. दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट झाले. पाच बाय चारची स्लायडिंग लावली की कागदावर हिशेब चोख बसतो. प्रत्यक्षात एक शटर दुसऱ्यामागे सरकतं आणि वाऱ्याला वाट मिळते दहा फुटांची. पैसे वीस फुटांचे. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी मागा, तर उत्तर तयार: "आता ते कोणी लावत नाही." खरं कारण ग्रिल. ग्रिल आधी बसतं, पल्ला बाहेर उघडायला जागा राहत नाही, आणि आत उघडला तर पलंगावरच्या माणसाच्या डोक्यात जातो. एवढं लक्षात घेऊन कोणी भिंत आखलेलीच नसते.

मग जून येतो. झडीचं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये साचतं. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला भोकं पाडायची असतात, पाच मिनिटांचं ड्रिलचं काम. अर्ध्या घरांत ती पाडलेलीच नसतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी चौकट बसवणाऱ्यानेच ती सिलिकॉनने बुजवलेली असतात. ट्रॅक भरतो, पाणी आतल्या कडेवरून ग्रॅनाइटवर उतरतं आणि तिथून गादीवर. फॅब्रिकेटरला फोन केला की तो म्हणतो, "यंदा पाऊसच तिरका आहे." कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाऊस तिरकाच पडतो. सरळ पडणाऱ्या पावसासाठी खिडकी लागतच नाही, छप्पर पुरतं.

दारांची कथा वेगळी नाही. टिंबर मार्केटमध्ये आजही 'बर्मा टीक' मागणाऱ्याला बर्मा टीकच दाखवतात. म्यानमारने 2014 मध्ये सागाचे ओंडके निर्यात करणं बंद केलं. तेव्हापासून घाना, इक्वेडोर, पनामा इथल्या लागवडीचा साग आपल्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येतो, पण दुकानातल्या पाटीवरचा बर्मा काही हलत नाही. आणि आपली खोड बघा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. रामाला चाललं, तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेला कमी पडतं.

आतल्या खोल्यांची फ्लश दारं तर बंद पाकिटं. त्यांच्यासाठी आयएस 2202 हे मानक आहे, पण 'वॉटरप्रूफ' एवढा एक शब्द ऐकून आपण आयएसआयची खूण शोधायचंही विसरतो. वरून लॅमिनेट चढवल्यावर आत ठोकळे सलग आहेत की मध्ये बोटभर फटी, हे परमेश्वराला आणि कारखानदाराला माहीत. मुख्य दारावर मात्र गणपती कोरलेला हवा आणि कुलूप महागातलं हवं. ते दार ज्या बिजागऱ्यांवर उभं राहणार, त्या कशा बसतात ते एकदा शेजारी उभं राहून बघा. सुतार स्क्रू हातोडीने ठोकतो आणि शेवटचे दोन आटे तेवढे स्क्रू ड्रायव्हरने फिरवतो. ठोकलेल्या स्क्रूला लाकडात पकड नसते. चोराला तुमच्या महागड्या कुलपाला हात लावायचीही गरज पडणार नाही.

बिल्डर या सगळ्यांचा थोरला भाऊ. त्याच्या माहितीपत्रकात 'आकर्षक मुख्य दरवाजा' आणि 'नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य फिटिंग' असतं. या 'समतुल्य'मध्ये काहीही मावतं. रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं की ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला, तर प्रवर्तकाने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. गळणारी खिडकी हा कारागिरीतला दोष नाही तर काय? पण आपण लेखी तक्रार करत नाही, कारण ताबा मिळाल्या मिळाल्या त्या खिडक्या उखडून 'हेवी' बसवून घेतलेल्या असतात. म्हणजे एकाच भोकाचे पैसे दोनदा.

या बाजारात सरळ माणसं आहेत. दीड मिलिमीटर सांगून दीडच लावणारे, काच बसवल्यावर टफनचा कोपऱ्यातला शिक्का दाखवणारे. त्यांचा भाव फुटामागे जास्त पडतो, म्हणून आपण त्यांना दारातून परत पाठवतो आणि नंतर 'हल्ली प्रामाणिक कारागीर राहिले नाहीत' म्हणून उसासे टाकतो. ते राहिले नाहीत, कारण आपण त्यांना कामं दिली नाहीत.

तेव्हा यापुढे फुटाचा भाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी कोटेशनवर सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये, खिडकीगणिक अ‍ॅल्युमिनियमचं वजन किलोमध्ये, काचेची जाडी आणि जात, बेअरिंग-लॉकची कंपनी लिहून घ्या. माल आला की काच बसवण्याआधी चौकट आणि शटर काट्यावर ठेवा. बसवून झालं की बाहेरून नळीने पाणी मारा, आणि आत थेंब दिसला नाही तरच शेवटचा हप्ता द्या. "असं कोणीच लिहून देत नाही काका," असं तो म्हणेल. आकडा लिहायला जो घाबरतो, त्याने आपला माल कसा आहे ते सांगून टाकलेलं असतं. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.