चाकांवरचा संसार

मैत्रिणींनो, देवळाली कॅम्पहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमान तोफखान्यातून निवृत्त, मुलगा कॉलेजात, सासूबाई ७२ वर्षांच्या. चौघांनी भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन, म्हणजे आत झोपायची सोय आणि छोटासा ओटा असलेली मोठी गाडी घेऊन, मनालीमार्गे लेहपर्यंत जायचं घाटतं आहे. ‘बरोबर काय काय न्यावं, त्याची यादी द्याल का?’ असं त्या विचारतात. आणि शेवटी, सहज लिहावं तसं एक वाक्य : ‘सगळे म्हणतात, तुलाही सुट्टी मिळेल. पण ओटाच बरोबर येणार, तर सुट्टी कोणाची ते कळत नाही.’

यादी मी देणारच आहे. खरं तर काळ्या पेट्या भरून दर दोन-तीन वर्षांनी बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या कॅम्पातल्या बायकांना सामान बांधायला कोणी शिकवायला नको. पण त्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण हल्ली हा प्रश्न एकट्या त्यांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि ‘घर घेऊनच फिरायला जाऊ’ ही हौस आपल्याकडेही आली. घर बरोबर आलं की घरकामही मागोमाग येतंच!

म्हणून निघण्याआधी कागद घ्या आणि कामं नावानिशी लिहून काढा. सकाळचा चहा आणि अंथरुणांच्या घड्या यजमानांकडे. शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. पाणी भरणं आणि भांडी घासणं मुलाकडे. मटार सोलणं, लसूण निवडणं सासूबाई हौसेनं करतील. स्वयंपाक दिवसातून एकदाच, तोही संध्याकाळी मुक्कामाला. दुपारचं जेवण ढाब्यावर. गाडी चालवणाऱ्यालाही तेवढीच विश्रांती मिळते. आणखी एक, पुढच्या सीटवर एक दिवसाआड तुम्ही बसायचं. मागे पिशव्या सांभाळत बसलं, तर हिमालय खिडकीच्या फटीतूनच दिसतो. तुम्हाला गाडी चालवता येत असेल, तर लायसन्स पर्समध्ये असू द्या.

आता प्रवासाविषयी. नाशिकवरून जाणारा जुना मुंबई-आग्रा रस्ता धरला की धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत दिल्ली, आणि पुढे चंडीगड, मंडी, कुलू, मनाली. देवळालीपासून मनाली अंदाजे सतराशे-अठराशे किलोमीटर. मे-जूनमध्ये माळव्यात आणि चंबळच्या बाजूला पत्र्याची गाडी अक्षरशः भट्टी होते. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. तेव्हा गौरी-गणपती आटोपले, पाऊस ओसरला आणि रस्ता सुरू असल्याची खात्री झाली की निघावं. फार उशीरही करू नये, कारण पुढे बर्फ पडून लेहचा रस्ता बंद होतो.

यापुढचं मात्र घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे, लाहौलमधलं केलाँग ३,१०० मीटरच्या आसपास. त्यापुढे सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आणि वाटेतली तंगलंग ला ही खिंड तर ५,३०० मीटरच्या वर! हवा विरळ होत जाते. डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न येणं ही उंची न मानवल्याची पहिली लक्षणं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. केलाँगहून निघून रात्री सरचूला झोपलं, तर एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढणं होतं. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर उजाडायची वाट न पाहता लगेच खाली उतरायचं. ऑक्सिजनचा डबा हा तात्पुरता आधार झाला, उतरण्याला तो पर्याय नव्हे.

सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे, असं पत्रात लिहिलं आहे. निघण्यापूर्वी त्यांची तपासणी करून घ्याच, आणि उंचीसाठी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाच देऊ नका. पण माझा स्पष्ट सल्ला असा की, त्या बरोबर असतील तर यंदा लेहचा हट्ट सोडा. मनालीला तीन-चार दिवस राहा. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जा, सिस्सू पाहा आणि संध्याकाळी परत या. हा बोगदा होण्यापूर्वी रोहतांग खिंडीत बर्फ साचलं की लाहौलचा रस्ता महिनोन् महिने तुटायचा. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं कसं, ही तिथल्या घराघरातली काळजी असे. ते गाव नुसतं पाहून आलात तरी पुष्कळ काही पाहिल्यासारखं आहे.

‘मग आम्ही दोघं लेहला जाऊन येतो, तू आईजवळ थांब,’ अशी तडजोड मनालीत ऐनवेळी निघेल. ती घरी असतानाच नाकारा. एक तर चौघांनी लाहौलपर्यंत, नाहीतर सासूबाईंची खुशीनं दुसरीकडे सोय करून तिघांनी लेहला. आणि हो, खुद्द सासूबाईंना कोणी विचारलं आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसलं नाही. त्यांनाच आधी विचारा.

दुसरी जिवावरची गोष्ट गॅसची. स्वयंपाक करताना गाडीचं दार आणि खिडक्या उघड्या हव्यात. कितीही थंडी वाजली तरी ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याचीही लक्षणं, त्यामुळे ‘उंचीमुळे होत असेल’ असं वाटून घात होतो. रात्री झोपताना सिलिंडर बंद केल्याची खात्री एकानंच नव्हे, दोघांनी करावी. ऊब हवी तर गोधड्या, लोकरी मोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आहेच.

तिसरी गोष्ट आपण बायका बोलत नाही म्हणून लिहिते. वाटेत सोय नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिणं ही आपली जुनी खोड. उंचावर ती फार बाधते, शिवाय लघवीची जळजळ मागे लागते ती वेगळीच. गाडीत संडास नसेल तर आडोशाचा छोटा तंबू मागून घ्या. सॅनिटरी पॅड वापरून झाल्यावर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि मोठ्या गावातल्या कचराकुंडीत टाकावेत. डोंगरात फेकू नयेत.

आता यादी. उंचावर पाणी लवकर उकळतं पण कमी तापतं. लेहला ते ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तेव्हा तीन लिटरचा कुकर, जादा रिंग आणि शिट्टी. तांदूळ व मुगाची डाळ धुऊन, खडखडीत वाळवून, हळद-तिखट-मीठ-गोडा मसाला मिसळून एकेका जेवणाच्या पुड्या बांधा. आयत्या वेळी तूप आणि पाणी घातलं की खिचडी तयार. भाजलेला रवा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, दशम्या (पहिल्या दोन दिवसांपुरत्या), नाशिकचे बेदाणे, चिवडा, आलेपाक. नेहमीची औषधं दुप्पट आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. कोमट पाण्यासाठी थर्मास. आणि केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पंपावर टाकी भरून घेणं. तिथून पुढे निघालात तर लडाखात पोहोचेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये.

कामांचा तो कागद गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी विसरतील. तुम्ही मात्र त्यांची कामं उचलू नका. भांडी पडू द्यात खुशाल! तिसऱ्या दिवशी घासली जातील.

परत आलात की कळवा. सासूबाई काय म्हणाल्या, तेही लिहा.