खोक्याची मागची बाजू

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक प्रकल्प वारंवार दिसतो. थर्माकोलचे एक खोके, आत चिकटवलेला चांदीचा कागद, वरून पडणारा जांभळा उजेड आणि त्या उजेडात उभी असलेली मेथीची किंवा कोथिंबिरीची रोपे. बघणारे थांबतात, फोटो काढतात. परीक्षक रोपांची उंची विचारतात आणि पुढे सरकतात. माझे म्हणणे असे की, परीक्षकांनी ते खोके फिरवून त्याची मागची बाजू पाहावी आणि निम्मे गुण तिथल्या जोडणीला द्यावेत. या प्रकल्पातले खरे विज्ञान तिथे आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

जांभळ्या रंगाबद्दल आधी थोडेसे. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते, हे तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे. पण अखंड पान हिरव्या प्रकाशाचाही बराच भाग वापरते. कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर केलेली मोजमापे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हे माहीत आहे. म्हणून साध्या पांढऱ्या एलईडींनी तुमचे काम उत्तम होईल. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळे पडू लागले तर ते लगेच दिसते. जांभळ्यात सगळीच पाने काळपट दिसतात.

आता मागच्या बाजूकडे वळू. एलईडी हा तारेच्या दिव्यासारखा वागत नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो. त्याच्या नेहमीच्या दाबात केवळ ०.१ व्होल्टची वाढ झाली, तर प्रवाह सुमारे दीडपट होऊ शकतो. शिवाय एलईडी तापला की तोच प्रवाह वाहण्यासाठी त्याला कमी दाब पुरतो. दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट कमी. समजा, तुम्ही १० एलईडी एकसर जोडले आणि त्यांना नेमका ३० व्होल्ट दाब दिला. एलईडी ३० अंशांवरून ८० अंशांवर गेले की प्रत्येकाची गरज ०.१ व्होल्टने घटते, पण तुमचा ३० व्होल्टचा पुरवठा तसाच राहतो. मग प्रवाह वाढतो, त्याने एलईडी आणखी तापतात, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. शेवट काय होतो ते सांगायला नको.

म्हणून अशा एलईडींना दाब स्थिर ठेवणारा नव्हे, तर प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर हवा. त्याच्यावर '२४ ते ३६ व्होल्ट, ३०० मिलिॲम्पिअर' असे काहीसे छापलेले असते. त्याचा अर्थ असा की, प्रवाह ३०० मिलिॲम्पिअरच राहील आणि त्यासाठी लागेल तेवढा दाब ड्रायव्हर या मर्यादेत स्वतः ठरवील. आपल्या १० एलईडींची बेरीज ३० व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या बरोबर मधोमध. शक्ती झाली ९ वॅट. एक फूट लांब-रुंद ट्रेमधल्या कोवळ्या रोपांना एवढा उजेड चांगला पुरतो. एलईडी मात्र एवढा प्रवाह सोसणारे, १ वॅटचे घ्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा. ती पट्टी थर्माकोलला चिकटवू नका. गरम धातू आणि थर्माकोल यांची मैत्री बरी नव्हे.

बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या पट्ट्यांचे गणित निराळे आहे. त्यांत दर तीन एलईडींमागे एक रोध बसवलेला असतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. म्हणून तिथे १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर चालतो. ९ व्होल्ट एलईडींना आणि ३ व्होल्ट रोधाला, म्हणजे पाव शक्ती नुसती उष्णतेत जाते. तरीही आठवी-नववीच्या मुलांना मी हीच पट्टी सुचवीन. वायर मात्र बारीक आणि लांब नको. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचे जाऊन-येऊन १० मीटर झाले की रोध साधारण ०.३५ ओहम भरतो. ३ ॲम्पिअर प्रवाहाला तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो आणि पट्टी मंद दिसू लागते. आपल्या ३०० मिलिॲम्पिअरच्या माळेत त्याच वायरमध्ये जेमतेम ०.१ व्होल्ट जातो, आणि तोही ड्रायव्हर भरून काढतो.

एका गोष्टीला मात्र माझा सक्त विरोध आहे. बंद पडलेला एलईडी बल्ब फोडून त्यातला ड्रायव्हर काढायचा आणि त्यावर आपली माळ जोडायची, ही युक्ती मुले एकमेकांना शिकवतात. फुकटात काम होते, मल्टिमीटर ३० व्होल्ट दाखवतो आणि ३० व्होल्टला काय घाबरायचे, असे वाटते. पण मित्रांनो, ते ३० व्होल्ट कशा-कशामधले आहेत? माळेच्या दोन टोकांमधले. जमीन आणि माळ यांच्यामध्ये किती आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. विजेच्या उघड्या तारेवर कबुतर निवांत बसते, कारण त्याच्या दोन पायांमध्ये दाबाचा फरक जवळजवळ नसतो. म्हणून ती तार निरुपद्रवी ठरत नाही! स्वस्त बल्बांतल्या अनेक ड्रायव्हरांमध्ये घरातील २३० व्होल्टची वीज आणि एलईडी यांचा थेट धातूचा संबंध असतो. बल्बच्या प्लास्टिकच्या आवरणात तो झाकलेला असतो, म्हणून तिथे तो चालतो. तुमच्या खोक्यात तीच माळ उघडी आहे, खाली माती ओली आहे आणि तुम्ही रोज झारीने पाणी घालता. ओल्या हाताने माळेला स्पर्श झाला तर जीव जाऊ शकतो.

विलग केलेल्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरची दोन वेगळी वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात ऊर्जा चुंबकक्षेत्रामार्गे जाते, दोघांना जोडणारी तार नसते. अशा ड्रायव्हरवर 'एसईएलव्ही' ही अक्षरे शोधा आणि भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूणही पाहा. ही अक्षरे नसतील तर दुकानदाराचा शब्द पुरेसा मानू नका. माळेचा एकूण दाब ६० व्होल्टच्या बराच खाली ठेवा. शिक्षकांना विनंती अशी की, २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी मुलांकडे सोपवू नये. ती जाणकाराने करावी, बंद पेटीत करावी आणि पत्रा किंवा ॲल्युमिनियम वापरले असेल तर ते तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडावे.

दोन माळा समांतर जोडून त्यांना एकच ६०० मिलिॲम्पिअरचा ड्रायव्हर देण्याचा मोह होतो. तो टाळावा. एक माळ तुटली की सगळे ६०० मिलिॲम्पिअर दुसरीच्या वाट्याला येतात. एकच एकसर माळ असेल तर बिघाड झाल्यावर ती सरळ विझते, दुसरे काही जळत नाही. तसेच ड्रायव्हर चालू असताना माळ काढून पुन्हा लावू नका. मोकळा ड्रायव्हर आपला दाब कमाल मर्यादेपर्यंत चढवून बसलेला असतो. माळ टेकताच तो साठा एकदम तिच्यात ओतला जातो.

प्रदर्शनात फलकाशेजारी एक छोटे कार्ड लावता येईल. त्यावर माळेचा दाब, मल्टिमीटरने मोजलेला प्रवाह आणि दिवा तासभर चालल्यानंतरचे पट्टीचे तापमान लिहावे. प्रवाह मोजण्यासाठी मल्टिमीटर माळेत एकसर जोडायचा असतो, आणि तोही वीज बंद करून. ड्रायव्हर खोक्याबाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. त्याच्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. उबदार खोक्यात कोंबलेला ड्रायव्हर पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनापर्यंत टिकेलच, असे नाही.