डेंग्यू : प्लेटलेटच्या शेजारचा आकडा

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : प्लेटलेट किती? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुधा रक्तातील द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागल्यामुळे. द्रव घटला की रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, वाढते. प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणे ही धोक्याची खूण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नोंदवले आहे.

दोन्ही आकडे एकाच सीबीसी अहवालात असतात. पण एकदाच केलेली तपासणी फसवू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा रुग्णाचा वाढलेला हिमॅटोक्रिटही अहवालात ‘सामान्य’ दिसू शकतो. म्हणून तुलना छापील मर्यादेशी नव्हे, तर त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी व्हावी. विशेषतः ताप उतरताना, कारण धोका तेव्हाच वाढतो.

यासाठी महागडे यंत्र नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीबीसीची वेळेवर फेरतपासणी मिळावी, एवढी मागणी रास्त आहे.