दाद मागणे म्हणजे अखिलाडूपणा नव्हे

‘पंचांचा निर्णय निमूटपणे स्वीकारणे हीच खिलाडूवृत्ती’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. २०१४च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धाच्या उपान्त्य लढतीतील वादग्रस्त निकालानंतर भारताच्या सरिता देवीने कांस्यपदक नाकारले आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. तिने ते पदक प्रतिस्पर्धी पार्क जी-नाच्या गळ्यात घालणे चुकलेच. दोष त्या खेळाडूचा नव्हता. पण गुणांकनाविरुद्धची भारताची तक्रार फेटाळली गेल्यावर सरिताने जायचे कुठे? १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकी मुष्टियोद्धा रॉय जोन्सला अंतिम फेरीत पराभूत ठरवल्यावर जगभर गदारोळ उठला, म्हणूनच १९९२पासून ऑलिंपिक मुष्टियुद्धात संगणकीय गुणमोजणी आली. पंचांचा मान राखलाच पाहिजे. मात्र त्यांच्या निकालाची फेरतपासणी करणारी यंत्रणाही हवी.

– एक क्रीडाप्रेमी वाचक